पौलाच्या आधी पोहोचलेली माणसे

इसवी सन ६० च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या एका जहाजातून पौल नावाचा कैदी, येशूची शिकवण सांगत गावोगाव फिरणारा प्रचारक, इटलीतील पुत्युल बंदरावर उतरला. त्याने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली होती आणि त्यासाठी यूल्य नावाचा शताधिपती त्याला रोमला घेऊन चालला होता. आधीचे जहाज वादळात फुटले होते आणि सगळा हिवाळा माल्टा बेटावर काढावा लागला होता. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ही हकिकत येते, आणि वाचणाऱ्याचे लक्ष रोमकडे लागलेले असल्यामुळे मधले एक वाक्य बहुधा नजरेतून निसटते. पुत्युल येथे त्यांना काही बंधुजन भेटले आणि त्यांच्या आग्रहावरून पौल सात दिवस त्यांच्याकडे राहिला. पुढे रोमचे बंधुजन त्याला सामोरे आले. काही जण तीन उतारशाळा या ठिकाणापर्यंत, तर काही त्याहून पुढे अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे शहरापासून सुमारे ६५ किलोमीटर चालत आले होते. त्यांना पाहून पौलाला धीर आला, असे लेखक नोंदवतो.

हे बंधुजन कोण होते? पौलाने इटलीत त्याआधी कधी पाऊल ठेवलेले नव्हते. येशूच्या बारा प्रेषितांतला प्रमुख पेत्र रोममध्ये मारला गेला ही परंपरा जुनी आहे आणि बहुतेक इतिहासकार ती मानतातही. पण पौलाने तीन वर्षांपूर्वी रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, जे लांबलचक पत्र लिहिले होते, त्यात त्याने नावे घेऊन सलाम सांगितलेल्या माणसांत पेत्र नाही. म्हणजे एकही नामांकित प्रेषित पोहोचला असल्याची खूण नसताना साम्राज्याच्या राजधानीत, आणि धान्याच्या जहाजांनी गजबजलेल्या एका बंदरातही, येशूला मानणारी घरे उभी राहिली होती.

आमच्या घरच्या बायबलच्या शेवटच्या पानांवर पौलाच्या फेऱ्यांचा नकाशा होता. त्यावर पहिली, दुसरी आणि तिसरी फेरी वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली होती, आणि शब्बाथ शाळेत आम्हाला त्या रेषांवरून बोट फिरवत गावांची नावे पाठ करावी लागत. ख्रिस्ती धर्म कसा पसरला, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्या रेषा, असेच मनात ठसले होते. पुढे ते पुस्तक स्वतः सावकाश वाचू लागल्यावर लक्षात आले की रेषा जिथे जिथे पोहोचते, तिथे तिथे बहुतेक वेळा कोणीतरी आधीच राहत असते. पौल, त्या वेळचा शौल, ख्रिस्ती माणसांना पकडण्यासाठी दिमिष्काला, म्हणजे आजच्या दमास्कसला, निघतो तेच मुळी तिथे अशी माणसे आहेत म्हणून. ती तिथे कोणी नेली, हे पुस्तक सांगत नाही.

बारा प्रेषितांबद्दल तर फारच थोडे सांगितलेले आहे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाची जागा भरण्यासाठी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला निवडतात, आणि त्यानंतर मत्थियाचे नाव नव्या करारात पुन्हा येत नाही. पेत्र बोलतो, प्रवास करतो, तुरुंगात पडतो. योहान त्याच्या सोबतीला दिसतो. योहानाचा भाऊ याकोब इसवी सन ४४ च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पाच्या हुकमाने तलवारीने मारला जातो. बाकीच्यांची नावे पहिल्या अध्यायातील यादीत येतात आणि तिथेच थांबतात. पुढच्या शतकांनी ही पोकळी कथांनी भरून काढली आणि प्रत्येक प्रेषिताला एकेक देश वाटून दिला. त्या कथांना त्यांचे स्वतःचे मोल आहे, पण पहिल्या तीस वर्षांत प्रत्यक्ष काय घडले ते समजून घ्यायचे तर दुसरीकडे पाहावे लागते.

मला सर्वांत बोलके वाटते ते ‘कृत्यां’च्या आठव्या अध्यायातील पहिले वचन. स्तेफन नावाच्या ख्रिस्ती पुढाऱ्याला दगडमार करून ठार मारल्यानंतर यरुशलेमेतील मंडळीचा मोठा छळ सुरू झाला आणि प्रेषितांखेरीज सर्व जण यहूदिया आणि शोमरोन प्रांतांत पांगले. जे पुढे ‘पाठवलेले’ म्हणून ओळखले जाणार होते ते शहरातच राहिले, आणि ज्यांना कोणी पाठवले नव्हते ते जीव वाचवण्यासाठी निघाले. तीन अध्यायांनंतर याच पांगलेल्यांचा धागा पुन्हा हाती येतो. ते फेनिके (आजच्या लेबनॉनचा किनारा), कुप्र (सायप्रस) आणि सीरियातील अंत्युखियापर्यंत गेले आणि प्रथम फक्त यहुद्यांशीच बोलत राहिले. परंतु त्यांच्यापैकी कुप्र आणि उत्तर आफ्रिकेतील कुरेने येथील काही जणांनी अंत्युखियाला आल्यावर ग्रीक लोकांनाही येशूबद्दल सांगितले. यहुदी समाजाच्या कुंपणापलीकडे ही वार्ता इतक्या उघडपणे आणि इतक्या मोठ्या शहरात नेण्याचे श्रेय या माणसांचे आहे, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव या पुस्तकाचा लेखक मानल्या जाणाऱ्या लूकने दिलेले नाही. अंत्युखिया म्हणजे रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल साम्राज्यातील मोठे शहर. यरुशलेमेला बातमी कळल्यावर तिथून बर्णबाला पाहणीसाठी पाठवण्यात आले, आणि बर्णबाने तार्सास जाऊन पौलाला मदतीला आणले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम याच शहरात मिळाले.

अंत्युखियात यहुदी आणि ग्रीक एकत्र जेवू लागल्यावर जो वाद उभा राहिला, त्याची तिखट हकिकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने स्वतः सांगितली आहे. पेत्र आधी सर्वांबरोबर जेवत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब (हा येशूचा भाऊ, मारला गेलेला याकोब वेगळा) याच्याकडून माणसे आल्यावर तो मागे सरला, आणि पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर सुनावले. शिवाशिवीचे नियम कोणाला आणि किती लागू करायचे, यावर पुढाऱ्यांत खल होत राहिला. निर्णय पुढे व्हायचे ते झाले, पंगत मात्र आधीच बसली होती, आणि ती बसवणारे लोक कुप्र-कुरेनेचे, बहुधा कामधंद्याची, पोटापाण्याच्या मागे लागलेली माणसे होती.

प्रसाराला वाटा तयारच होत्या. भूमध्य समुद्राभोवतीच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात यहुद्यांचे सभास्थान होते, त्याच्या आसपास यहुदी न होताही तिथे प्रार्थनेला येणारे ग्रीक स्त्री-पुरुष होते, लष्कराने बांधलेले रस्ते होते आणि ग्रीक भाषा सर्वत्र चालत होती. एवढे असूनही, रस्ता आहे म्हणून कोणी परमुलखात जाऊन बसत नाही. माणसे गेली ती व्यापारासाठी, कामासाठी, गुलाम म्हणून विकली गेल्यामुळे किंवा सरकारने हाकलून दिल्यामुळे.

हाकलून दिलेल्यांपैकी एक जोडपे आपल्याला नावानिशी माहीत आहे. सम्राट क्लौद्याने, बहुधा ४९ साली, यहुद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम काढला. रोमन चरित्रकार सुएतोनियस याने कारण दिले आहे ते ‘क्रेस्तुस’च्या चिथावणीने वारंवार होणाऱ्या दंग्यांचे, येशूवरून सभास्थानांत पेटलेल्या भांडणांचा हा ऐकीव पडसाद असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. त्या हुकमामुळे अक्विला आणि प्रिस्किल्ला ग्रीसमधील करिंथला येऊन पोहोचली. अक्विला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला, आणि दोघांचा धंदा तंबू करण्याचा. पौलही तेच काम शिकलेला असल्यामुळे तो त्यांच्याकडे उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पौलाने त्यांना ख्रिस्ती केले असे लूक कुठेही म्हणत नाही. रोमहून येतानाच ती येशूला मानत असावीत. म्हणजे ज्या करिंथला पौलाने मंडळी स्थापन केली, तिथेही त्याला पहिला आसरा मिळाला तो आधीच पोहोचलेल्या माणसांकडे.

करिंथ हे अशा गाठीभेटींचेच शहर होते. रोमने इसवी सनपूर्व १४६ मध्ये जुने करिंथ उद्ध्वस्त केले, आणि ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४४ मध्ये ते नव्याने वसवले तेव्हा तिथे मोठ्या संख्येने आणून ठेवले ते गुलामगिरीतून सुटलेले लोक. दोन बाजूंना दोन बंदरे, मध्ये चिंचोळी संयोगभूमी, आणि जवळच दर दोन वर्षांनी भरणारे इस्थमियाचे खेळ. त्यामुळे तंबू, छत आणि चांदण्या यांना मागणी असणारच. अशा गाळ्यात काय चालत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. चामडे असो की जाड कापड, ते मांडीवर घेऊन खाली बसायचे, आरीने भोके पाडायची, दोरा ओढून टाका आवळायचा. हात अडकलेले असतात, पण तोंड मोकळे असते. शिवणकामाला आवाज नसतो, त्यामुळे शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येते. आणि आपला माल तयार होईपर्यंत गिऱ्हाईक उंबऱ्यावर टेकलेले असते. रात्रंदिवस कामधंदा करून आम्ही तुम्हाला शुभवर्तमान सांगितले, असे पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो. त्याचा अर्थ मी असा घेते की दिवसभर काम करून संध्याकाळी प्रवचन, असे ते वेळापत्रक नव्हते. बोलणे कामाच्या जागीच होत होते.

पौलाच्या आयुष्यातील ज्या थोड्या घटनांचा काळ पक्का करता येतो, त्यांतली एक याच शहरातली आहे. त्याला ज्याच्या न्यायासनासमोर उभे केले तो अखया प्रांताचा राज्यपाल गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा थोरला भाऊ. डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून त्याचा कारभार ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. गल्लियोने तक्रार ऐकून घेण्याचेही कष्ट केले नाहीत. हा तुमच्या शब्दांचा आणि नावांचा वाद आहे, तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणून त्याने सर्वांना बाहेर काढले. रोमच्या दृष्टीने तंबूवाल्यांच्या गाळ्यात चाललेल्या गोष्टींना तेव्हा एवढीच किंमत होती.

लोक जमत ते कोणाच्या तरी घरी. त्यासाठी वेगळी इमारत नव्हती आणि पुढची दीड-दोनशे वर्षे ती बहुतेक ठिकाणी नव्हतीच. खात्या-पित्या रोमन घरातील भोजनाच्या दालनात आडवे होऊन जेवणारी नऊ-दहा माणसे मावत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. करिंथला यातूनच भांडण झाले. ज्यांना सवड होती ते लवकर येऊन जेवून घेत, आणि मालकाचे काम आटोपून उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काही उरत नसे. एक भुकेला राहतो आणि दुसरा मस्त होतो, खाण्यापिण्यासाठी तुम्हाला घरे नाहीत काय, असे पौल चिडून विचारतो. मला हा परिच्छेद आवडतो, कारण आरंभीच्या मंडळीचे चित्र रंगवताना प्रवचनकार तिच्या एकोप्याचे जे गोडवे गातात, ते त्यात टिकत नाहीत. जेवणावरून रुसवेफुगवे होते, गरीब-श्रीमंत भेद होता, आणि तरीही ही माणसे पुढच्या आठवड्यात त्याच घरी पुन्हा जमत होती. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील असे एक घर उत्खननात सापडले आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसे बसतील असे दालन केलेले, आणि बाजूच्या लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड. बाहेरून पाहणाऱ्याला ते गल्लीतल्या इतर घरांसारखेच दिसत असले पाहिजे.

आता त्या रोमकरांस पत्राकडे येते. ते पौलाने ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. ग्रीकमध्ये त्याचे सुमारे ७,००० शब्द भरतात, आणि दोन हजार वर्षे पंडित त्यावर भाष्ये लिहीत आले आहेत. ज्या मंडळीत मी वाढले तिथे हे पत्र क्रमाने वाचले जाई, तेव्हा पंधराव्या अध्यायानंतर वाचन थांबे. सोळावा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, आणि तीही जीभ अडखळेल अशा नावांची. असुंक्रित, फ्लगोन, पत्रबास, फिललगस ही नावे भरल्या उपासनेत वाचायला कोण तयार होणार? मला मात्र साऱ्या पत्रात हाच अध्याय सर्वांत जास्त माहिती देणारा वाटतो.

त्यात सलाम सांगितलेल्यांची २४ नावे आहेत, आणि नाव न घेता उल्लेखलेल्या दोन स्त्रिया: निरियाची बहीण आणि रूफाची आई, जी माझीही आई आहे असे पौल म्हणतो. पहिला मान प्रिस्किल्ला आणि अक्विला यांना. हुकूम सैल झाल्यावर ती रोमला परतली होती आणि त्यांच्या घरी मंडळी जमत होती. इथे प्रिस्किल्लेचे नाव नवऱ्याच्या आधी आहे, आणि नव्या करारात बहुतेक ठिकाणी तसेच आहे. अंद्रोनीक आणि युनिया यांच्याविषयी पौल म्हणतो की ती प्रेषितांमध्ये नामांकित असून त्याच्याआधी ख्रिस्ती झालेली आहेत. ‘माझ्याआधी’ ही कबुली पौलासारख्या मानी माणसाने दिलेली आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोमने या युनियेचे, प्रेषितांत गणली गेलेली स्त्री म्हणून, तोंड भरून कौतुक केले आहे. श्रम केले, असे या यादीत चारच व्यक्तींविषयी म्हटले आहे, मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस. चौघी स्त्रिया आहेत. अंप्लियात, हर्मेस, पर्सिस यांसारखी नावे रोममधील शिलालेखांत गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम यांच्यात वारंवार आढळतात. अरिस्तबूल आणि नार्किस यांच्या घरच्यांना सलाम आहे, खुद्द त्या धन्यांना नाही. म्हणजे वार्ता वाड्यात शिरली ती नोकरांच्या दाराने.

आणि हे पत्र रोमला नेले कोणी? सरकारी टपाल होते ते फक्त सरकारी कामासाठी. इतरांना त्या गावी जाणारा कोणी विश्वासू माणूस गाठावा लागे. अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, तिला लागेल ते साहाय्य करा, तिने पुष्कळांना आणि मलाही आधार दिला आहे, असे लिहितो. पत्र तिच्याच हाती गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. किंख्रिया हे करिंथचे पूर्वेकडचे बंदर. ऐपत असलेली, स्वतःच्या कामासाठी रोमला निघालेली ही बाई असावी. पत्र प्रत्यक्ष लिहून घेणारा लेखनिक तर्तिय यानेही शेवटी आपला सलाम घातला आहे. पौल सांगत होता, हात तर्तियाचा होता, आणि पाय म्हणा की जहाजाचे भाडे म्हणा, ते फिबीचे होते.

याचा अर्थ त्या घरांत सगळे समान होते असा मात्र नाही. अनेसिम या गुलामाला पौल त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतो. त्याला भाऊ समज असे कळवळून लिहितो, पण गुलामगिरी मोडून टाक असे कुठेच लिहीत नाही. ज्यांच्या श्रमावर ही मंडळी उभी होती, त्यांतले कितीतरी जण अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीचे राहिले. रोममध्ये ६४ साली आग लागल्यावर नीरोने खापर फोडण्यासाठी ख्रिस्ती लोकांना पकडले, तेव्हा त्यांची संख्या मोठी होती असे इतिहासकार तासितस लिहितो. त्या सोळाव्या अध्यायातली किती माणसे त्यात सापडली असतील, हा विचार मला दर वाचनात छळतो.

पौल जिथे पोहोचलाच नाही तिथली साक्ष याहून स्पष्ट आहे. दुसऱ्या फेरीत त्याला बिथुनियात जायचे होते, पण आत्म्याने जाऊ दिले नाही, असे कृत्यांच्या पुस्तकात आहे. सुमारे ११२ साली त्याच बिथुनिया-पंत प्रांताचा राज्यपाल प्लिनी सम्राट त्रायानला लिहितो की हा संसर्ग शहरांतच नव्हे, खेड्यापाड्यांत आणि शेतीवाडीतही पोहोचला आहे, सर्व वयांचे आणि दर्जांचे लोक त्यात आहेत आणि देवळे ओस पडली होती. ही माणसे ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, एवढेच त्याच्या हाती लागले. अधिक माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करविला, ज्यांना त्यांचे लोक ‘सेविका’ म्हणत. एका प्रांतातील मंडळीचे सत्य जाणून घ्यायला राज्यपालाला कोणाला पकडावेसे वाटले, तर दोन गुलाम बायकांना. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात केल्सस या टीकाकाराची तक्रारही हीच होती: लोकर पिंजणारे, चांभार, परीट अशी अडाणी माणसे घराघरांत शिरून, घरचे वडीलधारे नसताना, मुलांना आणि बायकांना शिकवत बसतात. त्याने हे हेटाळणीने लिहिले, पण शत्रूची नजर बरोबर जागी गेली होती.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी मांडलेला एक हिशेब या संदर्भात उपयोगी आहे. इसवी सन ४० मध्ये १,००० ख्रिस्ती होते असे धरले आणि दर दहा वर्षांत ४० टक्के वाढ मानली, तर ३०० सालापर्यंत संख्या ६० लाखांच्या पुढे जाते. हे आकडे गृहीतकांवर उभे आहेत हे खरे. पण एवढ्या वाढीला एकेका भाषणाने हजारो लोकांचे परिवर्तन व्हावे लागत नाही, शेजारी, नातलग आणि गिऱ्हाईक पुरतात.

पूर्वेकडे पाहिले तरी हेच दिसते. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत लिहिल्या गेलेल्या, बारा प्रेषितांपैकी एक असलेल्या थोमाच्या कथेत, भारत आपल्या वाट्याला आल्यावर थोमा जायला साफ नकार देतो. मी इब्री माणूस, भारतीयांना काय सांगणार, असे म्हणतो. मग येशू त्याला गुंडफर राजाने सुताराच्या शोधात पाठवलेल्या हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकून टाकतो. गुंडफर हा पहिल्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा खराखुरा राजा होता, हे त्याच्या नाण्यांवरून सिद्ध झाले आहे. बाकीची कथा इतिहास म्हणून घेण्याची गरज नाही. परंतु ती रचणाऱ्याला प्रेषित भारतात जाण्याचा जो मार्ग सुचला, तो व्यापाऱ्याच्या जहाजातून, कारागीर म्हणून, आणि तोही विकला जाऊन.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी आणि भक्कम नोंदही एका व्यापाऱ्याचीच आहे. अलेक्झांड्रियाचा कॉस्मस सहाव्या शतकात लिहितो की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, आणि ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमला जाणारा बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तांबे, लाकूड आणि कापड यांच्या व्यापाराचे ते मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे तिथल्या शिलालेखांत वाचता येतात. बिशप नेमून पाठवला जातो तो आधीपासून तिथे मंडळी असते म्हणून, आणि पर्शियातून नेमला जातो याचा अर्थ कल्याणच्या त्या माणसांचे येणे-जाणे पर्शियन आखाताच्या बंदरांशी होते. कॉस्मसने तिथे बिशप असल्याचे लिहिले, त्याच्या आधी किती पिढ्या ती माणसे कल्याणच्या बाजारात मालाचे गठ्ठे मोजत होती, ते त्याने विचारलेले दिसत नाही. त्याला तो प्रश्न पडण्याचे कारणही नव्हते, कारण तो स्वतः त्याच धंद्यातला होता.